हातानं घातलेल्या सहा ओळी

उसाचा हंगाम आला की सगळ्यात आधी माझ्या नाकाला कळतं. पिंपळीहून स्कूटरवर निघायचं, कालव्याचा पूल ओलांडायचा, आणि कळंबच्या अलीकडं कुठंतरी मळीचा तो गोडूस, आंबूस वास हेल्मेटच्या आत शिरतो. एकदा शिरला की दिवसभर निघत नाही. हा वास आवडणारी माणसं असतात म्हणे. ती बहुधा वर्षातून एकदा पाहुणी म्हणून येत असतील. मी मात्र श्वास धरून स्कूटर हाकते, कारण पुढचे चार-पाच महिने आपलं डोकं ठिकाणावर राहणार नाही, हे मला त्या वासातच कळतं.

मग रस्ता. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्याच्या टपावर कर्णा, कर्ण्यात एकच गाणं गावोगाव वाजत निघालेलं, आणि मागं मी. पुढं काढावं तर समोरून रिकाम्या ट्रॉल्या खडखडत येतात. मागं राहावं तर वरून एखादं कांडं सुटून पुढ्यात पडतं. ड्रायव्हरला हॉर्न दिला की तो हात बाहेर काढून असा हलवतो की पुढं जा म्हणतोय की थांब म्हणतोय, हे त्याचं त्यालाच ठाऊक. थंडी आहे, ऊन कोवळं आहे, दोन्हीकडं तुरे आलेले फड आहेत, वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेऊन बाया कडेनं चाललेल्या आहेत. सगळं सुंदर आहे, आणि मला कामावर पोचायला उशीर झालेला आहे.

माझं काम विचाराल तर कारखान्यातल्या संगणकांचे एकमेकांकडं जाण्यायेण्याचे रस्ते सांभाळणं. हे वाक्य मी लग्नाकार्यात सांगून पाहिलं आहे. लोक मान डोलावतात आणि मग आपला मोबाइल पुढं करतात, "जरा बघा की, रेंजच येत न्हाय." आमच्या सासरी तर मी टीव्हीची छत्री नीट करते असाच समज आहे. सुप्याला, माहेरी, आईला वाटतं मी टायपिंग करते. मी आता कुणाला काही सांगत नाही.

पण इथं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखान्यात दोन प्रकारचे संगणक आहेत. एक डोळ्याला दिसणारे. वजनकाट्यावरचे, शेतकी ऑफिसातले, गेटवरचे. त्यांच्या तारा जमिनीखालून, उंदरांनी परवानगी दिली तिथून, आमच्या खोलीत येतात आणि एका दणकट लोखंडी डब्यात शिरतात. तो राउटर. कुठला निरोप कुठं पाठवायचा हे तो ठरवतो. दुसरे संगणक न दिसणारे. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात वीस-बावीस संगणक मांडलेले असतात, ज्यांना ना पेटी ना पडदा, पण काम मात्र खऱ्यासारखं करतात. त्यांना व्हर्च्युअल म्हणायचं. त्यांचंही आपापसात एक नेटवर्क असतं, त्यांचाही एक राउटर असतो, आणि तोही पोटातलाच.

हे मी एकदा संचालक मंडळापुढं समजावलं होतं. एक आबा शेवटपर्यंत शांत बसले आणि मग म्हणाले, "म्हंजी संगणक हाय का न्हाय?" मी म्हटलं, आहे. "मंग दावा की." मी म्हटलं, दाखवता येत नाही. आबा बाजूच्याला म्हणाले, "आसलं आमच्या देवरुषाकडं बी असतंय." सगळे हसले. मी पण हसले, पण माझ्या मनात काय चाललं होतं ते इथं लिहिता येणार नाही.

या न दिसणाऱ्यांचा एक गुण असा की ते जागा बदलतात. ऑफिसातला सर्व्हर तापला, बिघडला, तर त्याच्या पोटातला वजनांचा हिशेब ठेवणारा काट्याचा संगणक आपोआप, मळीपासून स्पिरिट काढतात त्या आसवनीच्या इमारतीतल्या दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन उभा राहतो. दोन मिनिटांत. पण नुसता उभा राहून काय उपयोग, तो कुठं गेला हे खोलीतल्या लोखंडी राउटरला कळायला नको का? म्हणून मग खरा राउटर आणि पोटातले राउटर यांना एकमेकांशी बोलतं करून द्यायचं. दर काही सेकंदांनी रामराम घालायचा, माझ्याकडं अमुक अमुक पत्ते आहेत असं सांगायचं, जागा बदलली की नवा रस्ता कळवायचा, आणि कुणाचा रामराम यायचा थांबला तर त्याच्याकडचे रस्ते सोडून द्यायचे. याला डायनॅमिक राउटिंग म्हणतात. याच्या उलट पद्धत म्हणजे माणसानं हातानं ओळ लिहायची, की या पत्त्याचा रस्ता इकडून. ती ओळ मग तशीच राहते, तिकडं घर पडलं तरी. आणि राउटरची गंमत अशी की ऐकून कळलेला रस्ता आणि हातानं लिहिलेला रस्ता यांत तो हातानं लिहिलेला मोठा मानतो. माणसावर इतका विश्वास टाकायची गरज नव्हती, पण ते बनवणाऱ्यांनी मला विचारलं नव्हतं.

खोलीत माझ्याआधी तात्या होते. तात्या कळंबचे. त्यांच्या वडलांची मेंढरं होती, कळप घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असायचे. तात्यांनी कळप सोडून कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी धरली. कोणाच्या खुंटीतून कुणाच्या खुंटीत तार घालायची, हे त्यांना डोळे झाकून जमायचं. एक्सचेंज गेलं, खोली तीच राहिली, तात्याही राहिले. मग तिथं संगणकाच्या तारा आल्या, त्या तात्यांनी ओढल्या. साठी उलटल्यावर दर हंगामाला त्यांना मुदतवाढ मिळायची, कारण कुठली तार कुठल्या भिंतीतून जाते हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आणि ते कागदावर उतरवून द्या म्हटलं की ते म्हणायचे, "इचारा की, मी हाय न्हवं."

माझं आणि त्यांचं पटायचं नाही, हे आधी सांगून टाकते. मी तापट आहे. माझा पारा चढायला कारण लागत नाही, आणि तात्यांकडं कारणांचा तोटा नव्हता. ते कळफलकावर एका बोटानं टाइप करायचे आणि दर शब्दाला थांबून तो वाचायचे. खोलीत चप्पल घालून येऊ द्यायचे नाहीत. एसीचं तोंड आपल्याकडं वळवून घ्यायचे. मी एखादी आज्ञा झरझर टाइप केली की मागून आवाज यायचा, "दमानं. ते कुठं पळून चाललंय?" दिवसातून दहा वेळा. मला वाटायचं, हे गृहस्थ म्हणजे माझ्या आयुष्यात येऊन बसलेला स्पीडब्रेकर आहेत.

मागच्या वर्षी श्रावणात मी बोलतं राउटिंग मांडायला घेतलं. बाहेर पावसाची भुरभुर, खोलीत पंख्यांची घरघर, तात्या स्टुलावर, आणि मी त्यांना समजावते आहे, की हा त्याला रामराम घालतो, तो याला घालतो. तात्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी मेंढक्यांवानी. पुढं गेलेला मागच्याला सांगावा धाडतो, पाणी कुठं हाय, चारा कुठं हाय. पुढच्याचा सांगावा आला न्हाय की मागचा तिकडं कळप न्हेत न्हाय." मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. तसंच काहीतरी नव्हतं, तंतोतंत तेच होतं. पण मला तेव्हा वाटलं, झालं, आता यांचं मेंढरपुराण सुरू होणार, म्हणून मी घाईनं पुढं गेले.

संध्याकाळी आम्ही ते चालवून पाहिलं. ऑफिसातला सर्व्हर मुद्दाम बंद केला, काट्याचा संगणक आसवनीत उभा राहिला, खऱ्या राउटरनं निमूट रस्ता बदलला. काट्यावरच्या पडद्याला कळलंही नाही. मला इतका आनंद झाला की मी तात्यांना चहा पाजला. त्यांनी कपबशीतून फुरका मारत विचारलं, "पर ह्येचा सांगावा चुकला तर?" झालं का. सगळ्या आनंदावर पाणी. मी म्हटलं, चुकत नाही तात्या. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. हे मी अगदी ठसक्यात म्हटलेलं मला नीट आठवतं.

मग खंडेनवमी आली. ज्यांनी साखर कारखान्यातली खंडेनवमी पाहिली नाही त्यांना सांगते, त्या दिवशी पान हलत नाही. हंगाम तोंडावर असतो, दुरुस्त्या अर्धवट असतात, तरी सगळं थांबतं. हत्यारं, यंत्रं धुऊन पुसून निजवायची, आणि मग पूजा. ऊस टाकायच्या गव्हाणीपासून ते शेतकी ऑफिसातल्या स्टेपलरपर्यंत प्रत्येकाला कुंकू लागतं, झेंडू लागतो. मोठ्या यंत्रांपुढं नारळ. आणि यात तात्यांचा एक नेम होता, की चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही. "राबत्या बैलाची पूजा करतंय का कोण? त्याला सोडायचं, धुवायचं, मग पूजा." त्यामुळं आमच्या खोलीतलं सगळं, सर्व्हर रीतसर निजवून, राउटरसकट, सकाळी बंद व्हायचं आणि दसऱ्याच्या सकाळी उठायचं. माझं यावर डोकं आपटून झालं होतं. राउटर बंद करायची वस्तू नाही तात्या. ते म्हणायचे, "वर्सातनं येक दिस त्येला बी इसावा." मागच्या वर्षी मी वाद घातला नाही. मी सुप्याला निघून गेले होते, भावाच्या मुलीचं बारसं होतं.

पौषात, हंगाम भरात असताना, एका सकाळी ऑफिसातला सर्व्हर खरोखरच बंद पडला. अकराच्या सुमाराला. मी निवांत होते. मी चक्क खुर्चीत मागं रेलून बसले होते, की आता बघा गंमत. काट्याचा संगणक आसवनीत उभा राहिला. आणि काटा बंद. काट्यावरून फोन आला, मग शेतकी ऑफिसातून, मग गेटवरून, मग साहेबांच्या केबिनमधून, मग पुन्हा काट्यावरून. वजन झाल्याशिवाय गाडी आत जात नाही आणि गाडी आत गेल्याशिवाय मागची हलत नाही. ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रक, सगळी रांग गेटाबाहेर, तिथून रस्त्यावर. खिडकीतून मला दिसत होतं, ऊसतोड टोळीतल्या बाया बैलांपुढं वाढं टाकत होत्या, एक मुकादम कमरेवर हात ठेवून आमच्या इमारतीकडं बघत होता. तोडलेला ऊस उन्हात तासातासाला वाळतो, आणि तो ज्यानं वर्षभर वाढवला त्याला ते दिसत असतं.

मी राउटर उघडला. माझं श्रावणातलं एक अक्षर तिथं नव्हतं. रामराम नाही, शेजारी नाही, काही नाही. त्या जागी हातानं घातलेल्या सहा ओळी. नीट, एकाखाली एक. प्रत्येक रस्ता ऑफिसातल्या सर्व्हरकडं, जो तेव्हा मेलेला होता.

त्या खोलीची किल्ली दोघांकडं होती, एक मी, एक तात्या. मला दुसरा विचार शिवलासुद्धा नाही. म्हाताऱ्याचा विश्वास नव्हता, म्हाताऱ्यानं माझं पुसलं आणि आपलं लिहिलं. मी ओळी काढल्या, सगळं पुन्हा मांडलं, दीडच्या सुमारास काटा सुरू झाला. या वेळी काहीच सुटायला नको म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदोनदा केली. आणि त्याच तिरमिरीत अहवाल लिहायला बसले. पान दोनवर वाक्य होतं, 'संबंधित कर्मचाऱ्याने डायनॅमिक राउटिंगची मांडणी परस्पर पुसून त्या जागी हाताने मार्ग भरले.' अहवालात मला असं लिहायला फार आवडतं, संबंधित, परस्पर. त्या शब्दांत माणूस दिसत नाही.

साहेबांनी तात्यांना बोलावलं. मी तिथंच होते. साहेब म्हणजे कारखान्याचं प्रशासन बघणारे, मवाळ गृहस्थ. त्यांनी विचारलं, "तात्या, ह्या सहा ओळी तुम्ही घातल्या?" तात्या म्हणाले, "व्हय, म्या घातल्या." बस. एवढंच. नंतर ते माझ्याकडं बघत होते, बराच वेळ. मला वाटलं ओशाळलेत. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गाडीतळाच्या गेटवर बसवलं, येणाऱ्या गाड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या द्यायला. जाता-येता मला दिसायचे, कानाला मफलर, गुडघ्यावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मी हॉर्न वाजवायचे, ते मान हलवायचे. हंगाम संपला. यंदाच्या मुदतवाढीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मी ती यादी वाचली होती आणि बाजूला ठेवली होती.

आणि खोलीत शांतता होती, म्हणजे हवी तशी. एसीचं तोंड माझ्याकडं. चप्पल घालून आत. मागून दमानं म्हणणारं कुणी नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं, फक्त एखादी तार सापडत नसली की मी उगाच चिडायचे आणि चिडायला समोर कुणी नसायचं.

यंदाच्या खंडेनवमीला मी इथंच होते. इतक्या वर्षांचा रिवाज मोडायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून मीच सकाळी सर्व्हर निजवले, राउटर बंद केला, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुपारी मात्र राहवेना, काट्याची एक चाचणी राहिली होती, म्हणून माळ न काढताच सगळं सुरू केलं. आठवड्यापूर्वी मी त्या राउटरला नव्या तिसऱ्या काट्याची ओळख करून दिली होती. सुरू झाल्यावर बघते तर तिसरा काटा नाही. ओळखच नाही. जसं काही मी आठवड्यापूर्वी खोलीत आलेच नव्हते.

पहिला विचार आला, कुणी पुसलं? आणि किल्ली तर आता एकट्या माझ्याच पर्समध्ये.

मग मी खाली बसले, तिथंच, तात्यांच्या स्टुलावर. कुणी काही पुसलं नव्हतं. राउटरमध्ये तुम्ही काही लिहिलंत तर ते लगेच लागू होतं, पण ते सेव्ह करायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही तर यंत्र चालू असेपर्यंत सगळं ठीक, आणि बंद झालं की तुमचं लिहिलेलं गेलं. हे कॉलेजातल्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः शिकवलेलं आहे. पण इथला राउटर वर्षातून एकदाच बंद होतो, कुंकू लावण्यापुरता.

नोंदी ठेवणारा एक वेगळा संगणक आहे. कुठल्या यंत्रावर कुणी कधी काय केलं, हे तो वर्ष-दीड वर्ष जपतो. मी मागचं वर्ष काढलं. श्रावणात माझ्या नावानं केलेले बदल होते. सेव्ह केल्याची नोंद नव्हती, ती थेट पौषात, दोनदा. खंडेनवमीला यंत्र बंद. दसऱ्याला सकाळी यंत्र सुरू. त्यानंतर तासाभरात तात्यांच्या नावानं सहा ओळी, दर दोन ओळींमध्ये पाच-सहा मिनिटांचं अंतर, एका बोटाचं. आणि शेवटी, सेव्ह. पुसल्याची एकही नोंद नव्हती, कुठंच नव्हती. हे सगळं पौषातसुद्धा तिथंच होतं. अहवाल लिहिण्याआधी मी उघडलं असतं तर दोन मिनिटांत दिसलं असतं.

मला त्या दिवशी कुणाचा राग आला होता हे सांगायची गरज नाही. पण तो रागही धड येईना. मी चिडून माळ काढायला गेले तर ती तुटली आणि झेंडू सगळ्या खोलीभर झाले.

दसरा उलटल्यावर मी साहेबांकडं, चूक माझी होती असं लिहिलेलं पत्र घेऊन गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. "जाऊ द्या हो मॅडम. वर्ष झालं. तो अहवाल आता कोण वाचतंय?"

"मी वाचला काल."

"उगाच तुमच्या नावावर येईल."

"माझ्याच नावावर आहे ते, साहेब."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ते गाडीतळ, अजून रिकामं, नुसता रोलर फिरत होता. मग त्यांनी पत्रावर सही केली, आवकचा शिक्का मारायला लावला, आणि तात्यांना बोलावून घ्या, पुढचं बघू, असं म्हणाले. पुढचं बघू, यात साहेबांचं निम्मं आयुष्य गेलंय. पण सही केली, एवढं खरं.

कळंबला गेले तेव्हा तात्या रानात होते. कालव्याच्या पाण्याची पाळी होती त्यांची. हातात खोरं, धोतर गुडघ्याच्या वर, एका सरीचं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत घेत होते. मला बघून म्हणाले, "थांबा बांधावर. पाळी संपू द्या." मी थांबले. पाऊण तास. पाणी सरीत शिरताना आधी कोरडी ढेकळं चुरचुरतात, मग गप्प होतात, मग सरीच्या टोकाला पोचेपर्यंत तात्या तिथं उभे राहतात, आणि पोचल्यावरच पुढची सरी. खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मला त्या बांधावर बसून त्यांची खोलीतली सगळी दिरंगाई आठवत होती.

पाळी संपली, घरी अंगणात आलो, त्यांनी पाय धुतले. मी उभ्या-उभ्या सांगून टाकलं. की मी सेव्ह केलं नव्हतं. की तुम्ही काही पुसलं नव्हतं. की चूक माझी होती आणि मी तुमच्या माथी मारली.

तात्या टॉवेलनं हात पुसत म्हणाले, "ठावं हाय की."

"ठाऊक होतं?"

"दसरा झाल्यावं तुमी सुप्यावनं आला. मी दारात हुबा ऱ्हाऊन सांगितलं, मॅडम, तुमचं ते बोलतं समदं उडालंय, काट्याची तपासणी हाय म्हून मी तात्पुरतं हातानं घातलंय, सवडीनं बघा. तुमी फोनवर हुता. हात केला. बरं बरं म्हनला."

मला हे आठवत नाही. आजही आठवत नाही. पण ते 'बरं बरं' आणि तो उडवलेला हात माझाच आहे, त्यात शंका नाही. घरीदारी सगळे त्याच हाताला वैतागलेले आहेत.

आणि मग माझा राग उफाळून आला, लाज वाटली की मला रागच येतो. मी म्हटलं, "अहो तात्या, मग साहेबांसमोर का नाही बोललात? मी समोर उभी होते. एक शब्द बोलायचा."

"साहेबांनी इचारलं ओळी कुणी घातल्या. म्या घातल्या हुत्या. पुसलं कुणी, ह्ये कुणी इचारलंच न्हाय."

"म्हणून गप्प बसायचं? सांगायचं ना."

"येकदा सांगितलं हुतं," तात्या म्हणाले.

गोठ्यात एक शेळी ओरडत होती. तात्या जमिनीकडं बघत बोलत राहिले, सावकाश. "गेटवर बसिवलं त्येचं काय न्हाय. हातानं घातलंच हुतं. पर तुमी लिवलं, पुसलं. टेलिफोन हुता तवापासनं त्या खोलीत हाय मी. दुसऱ्याच्या हातचं कधी पुसलं न्हाय. हितं गिरणीत आमच्या हिला बायका इचारत्यात, तुज्या मालकानं कारखान्याचं काय पुसलं म्हून काढलं. ही घरी यिऊन मला इचारती. मी म्हनतो न्हाय पुसलं. ती म्हनती, मंग मॅडमनं लिवलं कशापायी, त्या शिकल्यात."

मी पर्समधून पत्र काढलं. शिक्का मारलेलं होतं, तरी पेन काढला आणि गुडघ्यावर ठेवून खाली हातानं लिहिलं, 'तात्यांनी ही गोष्ट मला त्याच वेळी सांगितली होती. मी ऐकून घेतली नाही.' तारीख घातली, सही केली. माझ्याकडं दुसरी प्रत होती, तिच्यावरही तसंच लिहिलं. मग त्यांना सगळं वाचून दाखवलं.

संपल्यावर मी म्हटलं, साहेबांनी बोलावलंय. कधी येताय?

"त्ये मागनं बघू," ते म्हणाले आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, जरा भाईर ये."

तात्यांच्या पत्नी, काकू, आल्या. हात पिठाचे होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. तात्यांनी बाज ओढून त्यांच्यासाठी जागा केली, बस म्हणाले, त्या बसल्या. मग तात्या माझ्याकडं वळले.

"आता हिच्यासमोर वाचा. पयल्यापासनं."

मी कागद उलगडला आणि पहिल्यापासून वाचायला लागले.